खड्डा नेमका कशासाठी खणतोय?

मागच्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसात एक चमत्कार झाला. अकरा माणसांनी तीन महिने, शनिवार-रविवार धरून, जीव तोडून काम केलं. आणि तीन महिन्यांनी डेमोच्या दिवशी क्लायंटच्या बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवत अगदी शांतपणे विचारलं, ''छान आहे हो. पण हे कोणी मागितलं होतं?''

कॉन्फरन्स रूममधला एसी फुल होता. तरी मला घाम फुटला.

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो. पण तुम्ही हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत किंवा मिहानमध्ये काम करत असाल तर नावाची गरजही नाही. तुमच्याही ऑफिसात ही कॉन्फरन्स रूम आहे. तोच प्रोजेक्टर, तीच गार झालेली कॉफी आणि भिंतीवर 'टीमवर्क' लिहिलेलं तेच पोस्टर, ज्यात गोरी माणसं होडी वल्हवत असतात. होडी कुठे चाललीय ते पोस्टरमध्ये कुठेच दिसत नाही. कधी बघितलंय?

आमचा प्रोजेक्ट साधा होता. क्लायंट घरगुती उपकरणं विकतो, आणि ती बिघडली की मेकॅनिक पाठवतो. त्यांच्याकडून आलेल्या पहिल्या मेलमध्ये एकच ओळ होती. सर्व्हिसचा अनुभव जागतिक दर्जाचा करायचा आहे. बस्स. एवढ्या ओळीवर बजेट पास झालं, टीम बसली, केक कापला आणि टी-शर्टसुद्धा छापून आले.

आता 'जागतिक दर्जाचा' म्हणजे काय? आमच्या डेटाबेसवाल्या साहेबांना वाटलं, स्पीड. त्यांनी सगळी टेबलं नव्याने रचायला घेतली. मोबाइलवाल्या दोघांना वाटलं, मेकॅनिकसाठी झकास ॲप. टेस्टरने शेकडो टेस्ट केसेस लिहिल्या, कारण त्याच्या मते जागतिक दर्जा म्हणजे एकही बग नाही. सेल्सवाल्यांना प्रदर्शनात दाखवायला काहीतरी चकाचक हवं होतं. आणि माझ्या बॉसची आज्ञा तर काय, ''काहीतरी वॉव दाखवा!'' वॉवचं स्पेसिफिकेशन कोणाकडेच नव्हतं.

आमच्या टीममधली सगळ्यात ज्युनियर मुलगी मिरजेची. नोकरीचं पहिलंच वर्ष. तिच्याकडे मी नकाशा दिला होता. शहरातला प्रत्येक मेकॅनिक या क्षणी कुठे आहे ते ठिपक्यांनी दाखवणारा, हलता, रंगीत नकाशा. दुसऱ्या आठवड्यात तिने मला विचारलं होतं, ''सर, हे बघणार कोण?'' मी काय म्हणालो असेन? ''तू बनव गं, क्लॅरिटी येईल हळूहळू.'' तिने बनवला. मोठ्या बहिणीचा साखरपुडा मिरजेत रविवारी होता आणि सोमवारी आमचा डेमो. ती गेली नाही. साखरपुडा तिने व्हिडिओ कॉलवर बघितला, आमच्याच पँट्रीत, मॅगी खात.

डेमोत तिच्या नकाशाला क्लायंटच्या बाईंनी दहा सेकंद दिले. ''सुंदर आहे. पण आमच्या डेस्कवर फोन घेता घेता नकाशा बघायला वेळ कोणाला आहे?''

त्या रात्री तिचा मेल आला. तीन ओळींचा. सर, मला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकता येईल का? काम जास्त आहे म्हणून नाही. कशासाठी करतोय ते कळत नाही म्हणून.

मी मेल वाचला, 'अनरीड' करून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मलकापूरची गाडी पकडली. मामाच्या नातवाचं बारसं होतं. पळून जायला याहून सभ्य कारण मिळत नाही.

मामाची टेकडी

माझं आजोळ बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात. मलकापूर स्टेशनला उतरायचं, बुलढाण्याच्या एसटीत बसायचं, आणि राजूर घाट लागायच्या आत उतरून घ्यायचं. माझे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतले रिटायर्ड गुरुजी. बारसं झालं, कळण्याची भाकर आणि भरीत झालं, वर ठेचा झाला. मग मामांनी चप्पल पायात सरकवली. ''चाल, टेकडीवर जाऊन येऊ. पोट उतरते.''

मी लहानपणी पाहिलेली ती टेकडी म्हणजे नुसता बोडका डोंगर. मे महिन्यात तिच्याकडे बघितलं तरी तहान लागायची. आता तिच्या अंगावर आडव्या रेषा होत्या. वरपासून खालपर्यंत, एकाखाली एक, वहीवर आखल्यासारख्या. रेषांच्या कडेने गवत आणि मधूनमधून झाडं. पायथ्याच्या शेतात हरभरा उभा होता.

''हे समतल चर,'' मामा म्हणाले. ''दोन हजार अठराचे. पानी फाउंडेशनच्या टायमाचे.''

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ही गोष्ट फक्त टीव्हीवरच्या आमिर खानपुरती माहीत असते. पानी फाउंडेशनची 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून सुरू झाली आणि २०१९ पर्यंत चालली. ऐन उन्हाळ्यातले ४५ दिवस. गावाने श्रमदान करायचं, पाणलोटाची कामं करायची, आणि त्याला गुण मिळायचे. २०१८ मध्ये मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने राज्यात दुसरा नंबर काढला, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या भांडवलीबरोबर विभागून. पहिला नंबर माणमधल्याच टाकेवाडीचा. बक्षीस समारंभ झाला आपल्या बालेवाडीत. म्हणजे माझ्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर! त्या दिवशी मी ट्रॅफिकला शिव्या घातल्या असणार, दुसरं काय.

मामांच्या गावाला बक्षीस-बिक्षीस काही मिळालं नाही. पण मामांनी सांगितलेली गोष्ट त्याच्याही आधीची होती.

वॉटर कपच्या काही वर्षं आधी गावातल्या पोरांनी स्वतःहून ठरवलं होतं, टेकडीवर चर खणायचे. पाणी अडवायचं. हेतू शंभर नंबरी. उन्हाळाभर पोरं राबली. कोणी आखणी केली नाही, अंदाजाने रेष धरली आणि कुदळ मारली. डोळ्यांना चर सरळ दिसत होते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. चरांत पाणी साठलं, पण थांबलं नाही. चर हातभर का होईना एका बाजूला उतरते होते. सगळं पाणी त्या टोकाला धावलं, टोक फुटलं, आणि टेकडीवरचा मुरूम-गोटे घेऊन लोंढा खाली आला. कोणाच्या शेतात? मामांच्या. अर्ध्या एकरावर गोट्यांचा थर.

मी म्हणालो, ''पोरांनी नीट काम केलं नसेल.''

मामा थांबले. मास्तर लोक थांबतात तसे, चूक पकडल्यावर.

''पोट्टे कामचुकार नव्हते बाप्पा. उलट जीव लावून खनले. म्हनून तं जास्त वाटोळं झालं. कमी खनले असते तं कमी पानी आलं असतं.''

हे वाक्य ऐकून मी तिथल्याच एका दगडावर बसलो. मला दम लागलाय असं मामांना वाटलं. मला आमचा डेटाबेस आठवत होता.

तीन काठ्या, एक दोरी, एक दगड

मग २०१८ मध्ये काय वेगळं झालं? माणसं तीच, टेकडी तीच, कुदळी तर त्याच. फरक एका खेळण्यासारख्या वस्तूने पडला. तिचं नाव ए-फ्रेम.

दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये तिसरी आडवी. इंग्रजी ए तयार होतो. वरच्या टोकाला दोरी, दोरीला दगड. आडव्या काठीवर एक खूण. फ्रेम जमिनीवर उभी केली आणि दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एकाच उंचीवर आहेत. तिथे फक्की टाकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा दोरी खुणेवर आणायची, पुन्हा फक्की. असं करत टेकडीभर एका उंचीची रेष आखली जाते. ती डोळ्यांना वाकडीतिकडी दिसते, पण पाण्याच्या हिशेबाने सपाट असते. त्या रेषेवर खणलेल्या चरात पाणी धावत नाही. थांबतं आणि मुरतं.

आणि क्रम ठरलेला, माथा ते पायथा. आधी टेकडीचा माथा, मग उतार, मग शेतांचे बांध, मग शेवटी नाला. वरचं पाणी वर अडवलं नाही, तर खालचा बंधारा पहिल्याच पावसात गाळाने भरतो.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते पुढचं. ती मधली खूण बरोबर आहे हे कसं ओळखायचं? काठ्या कधी एकसारख्या नसतात. मामा म्हणाले, ''सोपं हाये. फ्रेम उभी कर, दोरी कुठी येते तिथी खूण कर. मंग फ्रेम उलटी फिरव. ह्या पायाच्या जागी तो पाय, त्या पायाच्या जागी हा. पुन्हा खूण कर. दोन खुनांच्या मधोमध जे येते ते खरं.''

म्हणजे पायांनी जागा अदलाबदल केल्याशिवाय खरी खूण सापडतच नाही! आणि इकडे आमच्या प्रोजेक्टमध्ये अकरापैकी एकही माणूस तीन महिन्यांत क्लायंटच्या सर्व्हिस डेस्कवर जाऊन बसला नव्हता. मीसुद्धा नाही. खरं तर मीच नाही.

''आधी ठरवा लागते,'' मामा उतरताना म्हणाले, ''पानी अडवाचं हाये का काढून द्याचं हाये. फावडं त्याच्या मंग.''

एक खड्डा, दोन खाती

संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना विषय महामार्गावर गेला. जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांची कामं निघाली तेव्हा एक भन्नाट गोष्ट झाली, जी पुढे 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून देशभर सांगितली गेली. नितीन गडकरी तर आपल्या भाषणांतून तिचा उल्लेख कायम करतात.

रस्ता बांधायचा तर भरावाला माती-मुरूम लागतो, डोंगरच्या डोंगर. रस्तेवाले तो कुठूनतरी विकत आणतात. दुसरीकडे गावोगावचे तलाव, नाले गाळाने भरलेले. ते खोल करायला पाण्यावाल्या खात्याकडे पैसा नाही. दोन्हीकडे इंजिनियर, दोन्हीकडे पोकलेन, दोघांचे प्रॉब्लेम वर्षानुवर्षं शेजारी शेजारी. इथे कोणीतरी दोन्ही कागद एका टेबलावर ठेवले. रस्त्याने मुरूम तलावातून आणि नाल्यांतून उचलायचा. रस्त्याला भराव मिळाला, तलावाला खोली मिळाली, खोदाईचा खर्च रस्त्याच्या खात्यात. त्याच सुमाराला, २०१८ मध्ये, भारतीय जैन संघटनेने सरकारबरोबर 'सुजलाम् सुफलाम् बुलढाणा' हे अभियान घेतलं आणि गाळ काढायला शंभराहून जास्त मशिन्स जिल्ह्यात उतरवली.

ऐकायला सोपं वाटतं ना? मामांनी लगेच माझ्या चहात मीठ टाकलं. ''सोपं कुठी? रस्तेवाल्याले मुरूम पाह्यजे. त्याले जिथी चांगला मुरूम लागते तिथी तो खनतच जाईन. तलावाले तसं नाही. पाळीच्या बुडाशी खनलं तं पाळ बसते. खालचा चिकट थर फोडला तं पानी झिरपून जाते. म्हनून कुठी खनाचं तेवढं सांगून भागत नाही. कुठी थांबाचं ते लेखी पाह्यजे.''

बॉस, हे वाक्य माझ्या मॅनेजमेंट ट्रेनिंगच्या दोन दिवसांत आणि तीन बफे लंचमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर काय करायचं याची यादी असते. कुठे थांबायचं हे कधीच नसतं. त्यामुळे आपला प्रत्येक हुशार इंजिनियर, त्याला जिथे चांगला मुरूम लागतो, तिथे खणतच जातो.

मोजलं काय?

आता एक कडू घोट. पाण्याच्या कामांत सगळंच गोड गोड नाही. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू केलं. ध्येय होतं 'टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९'. २०२० मध्ये कॅगचा अहवाल आला. साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला, पण भूजलाची पातळी वाढवण्यात योजनेचा परिणाम फारसा दिसला नाही, असा त्याचा सूर होता. त्यावर व्हायचं ते राजकारण झालं. ते आपण सोडू. मला त्यातली इंजिनियरिंगची गोष्ट महत्त्वाची वाटते.

कामं मोजता येतात. किती चर, किती शेततळी, किती बंधारे, त्यांचे फोटो. विहिरीत मे महिन्यात पाणी किती, हे मोजायला मे महिन्याची वाट बघावी लागते. त्यामुळे कुठल्याही ऑफिसात, सरकारी असो की काचेचं, माणूस आधी कामं मोजतो. आमच्याकडेही रोज सकाळी स्टँड-अपला प्रत्येक जण सांगायचा, काल अमुक टिकिटं बंद केली. तीन महिने बोर्डवर हिरवंगार होतं. विहिरीत डोकावलं कोणी? शून्य.

आणि ध्येय एकदा ठरलं की ते सगळीकडे चालतं, असंही नाही. याच बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि तळाशी खारट, अल्कधर्मी पाण्याचं सरोवर. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला.

मोताळ्यात ज्याला यश म्हणतात, म्हणजे पाणी वाढणं, ते लोणारात संकट आहे. गोडं पाणी जास्त आलं की खारेपणा कमी होतो, आणि त्या खारेपणावर जगणारी अख्खी जीवसृष्टी धोक्यात येते. अलीकडे तर पातळी वाढून काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी आल्याच्या बातम्या आल्या. आणि तिथे खाती किती! वन खातं, पुरातत्त्व खातं, महसूल, पर्यटन, नगर परिषद. वन खात्याला अभयारण्य सांभाळायचंय, पुरातत्त्ववाल्यांना मंदिरं, पर्यटनवाल्यांना माणसं आणायचीत. 'लोणार वाचवा' यावर सगळ्यांची सही आहे. पण वाचवा म्हणजे नेमकं काय? खारं पाणी वाचवा, देऊळ वाचवा की गावाचा रोजगार? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे लोणारचा विषय वर्षानुवर्षं आहे तो काही उगाच नाही. न्यायालयाला या सगळ्यांना एका टेबलावर बसवावं लागतं.

जागतिक दर्जाचा अनुभव. टंचाईमुक्त महाराष्ट्र. लोणार वाचवा. वाक्य जितकं सुंदर, तितका त्यात प्रत्येकाला आपापला अर्थ घालायला वाव.

अकरा चिठ्ठ्या

परतीच्या गाडीत मनमाडच्या पुढे झोप उडाली आणि मी स्वतःशी कबूल केलं. ध्येय धूसर आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर 'याला कळलं नाही' असं दिसलं असतं. ॲप्रेझल दोन महिन्यांवर होतं. त्या पोरीने तिच्या पहिल्याच वर्षात जो प्रश्न विचारला, तो मी दहा वर्षांच्या अनुभवानंतर गिळला. आणि वर तिलाच क्लॅरिटीची वाट बघायला सांगितली. साखरपुडा तिचा बुडाला. माझं ॲप्रेझल व्यवस्थित झालं.

सोमवारी मी सगळ्यांना बोलावलं. लॅपटॉप बंद. प्रत्येकाला एक चिठ्ठी. त्यावर एकच वाक्य लिहायचं. हा प्रोजेक्ट जमला, हे आपल्याला कशावरून कळेल? नाव लिहायचं नाही, आपसात बोलायचं नाही, शाळेतल्या चाचणीसारखं.

अकरा चिठ्ठ्या निघाल्या. उत्तरं नऊ. दोन चिठ्ठ्यांवर सारखं उत्तर होतं, ''माहीत नाही''. ती एक जोडी. आणखी एक जोडी ''क्लायंट खूश'' वाली. उरलेली सात उत्तरं सात दिशांना. कोणी हसलं नाही. डेटाबेसवाले साहेब बराच वेळ चिठ्ठ्या उलटसुलट करत बसले आणि म्हणाले, ''म्हणजे तीन महिने आपण एकमेकांच्या शेतात गोटे टाकत होतो.'' त्यांना मी टेकडीची गोष्ट आधीच चहावर सांगितली होती.

मग आम्ही पाय अदलाबदल केले. दोन-दोन जण क्लायंटच्या सर्व्हिस डेस्कवर एकेक दिवस बसलो. हेडफोन लावून, फोन ऐकत. मी पण. पहिल्या तासात उत्तर सापडलं, लाज वाटावी इतकं सोपं. तिथल्या ताईंना नकाशा नको होता, ॲप नको होतं, स्पीड तर होता तेवढा पुरत होता. त्यांच्याकडे येणारे कितीतरी फोन एकाच प्रकारचे होते. ''कालच फोन केला होता, मेकॅनिक आला, पण पार्ट नव्हता म्हणून परत गेला.'' त्याच माणसाचा, त्याच तक्रारीचा दुसरा फोन. शिव्या त्या दुसऱ्या फोनवर बसतात. ताई म्हणाल्या, ''हा दुसरा फोन तेवढा बंद करा, बाकी आम्ही बघतो.''

ही आमची दोरी. खूण सापडली.

क्लायंटच्या बाईंना आम्ही एक वाक्य लिहून पाठवलं, एकाच तक्रारीसाठी दुसरा फोन यायला नको. बाईंचं उत्तर पाच मिनिटांत आलं, ''हेच तर पाहिजे होतं!'' आता हे त्यांनी पहिल्या मेलमध्ये का लिहिलं नाही, असा राग मला आला. मग लक्षात आलं, त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं. ज्याला पाणी हवं असतं, त्याला चराचा उतार कुठे माहीत असतो? तो बघायचं काम आपलं.

त्यानंतर मी माझ्या बॉसकडे गेलो. तीन महिन्यांतलं अर्ध्याहून जास्त काम बाजूला ठेवावं लागेल हे सांगितलं, आणि ते माझ्यामुळे हेही सांगितलं. त्या मीटिंगचं वर्णन करत नाही. मासिकं घरात लहान मुलंही वाचतात.

करून बघा

तुमचाही प्रोजेक्ट 'हळूहळू क्लॅरिटी येईल' या स्टेशनवर थांबला असेल, तर हे घ्या.

• चिठ्ठ्या घ्या. फुकट आहेत, पंधरा मिनिटं लागतात. उत्तरं वेगळी आली तर घाबरू नका. ती आधीपासून वेगळी होतीच, फक्त पोटात होती.

• ध्येयाच्या वाक्यात एक माणूस आणि एक मोजता येणारी गोष्ट असू द्या. 'जागतिक दर्जा' मोजता येत नाही. 'दुसरा फोन' मोजता येतो.

• कुठे थांबायचं ते लिहा. काय करणार नाही, याच्या चार ओळी. त्यावर क्लायंटचीही मान डोलू द्या.

• जागा बदला. जो वापरणार आहे त्याच्या खुर्चीत एक दिवस बसा. लीडने आधी.

• माथा ते पायथा. वरच्याने प्रश्न गिळला की खालच्याचा रविवार वाहून जातो.

आणि मिरजेच्या मुलीचं काय झालं, म्हणाल तर तो मेल मी 'रीड' केला. तिला कॅन्टीनमध्ये चहाला नेलं आणि सॉरी म्हणालो. साखरपुड्याबद्दल वेगळं, नकाशाबद्दल वेगळं. प्रोजेक्ट आता रुळावर आलाय, थांबतेस का, असं विचारलं. ती थोडा वेळ कपाशी खेळत बसली. म्हणाली, ''सर, आता बरोबर चाललंय. पण मला एकदा सुरुवातीपासून बरोबर असलेलं काम करून बघायचंय.'' मी तिच्या बदलीला हो म्हटलं. टीमचं नुकसान झालं. ते व्हायलाच हवं होतं.

लग्नाला मात्र ती चार दिवस आधी गेली, लॅपटॉप इथेच ठेवून.

मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. नव्या प्रोजेक्टच्या पहिल्याच मीटिंगमध्ये तिने विचारलं होतं, हे बघणार कोण? ''सर, सगळे एकदम गप्प झाले. माझ्याकडेच बघत होते.''

मी लिहिलं, ''बघू दे. उत्तर मिळेपर्यंत कुदळ उचलू नकोस.''